दीर्घिकांचे रोटेशन कर्व्ह: डार्क मॅटर मानायचं की ग्रॅव्हिटीचं सूत्रच बदलायचं?

गणितात_कच्चा

मंडळी, दोन आठवडे एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हटलं विचारूनच टाकावं. शाळेतलं केप्लरचं गणित परत काढून बसलो होतो, सूर्यापासून जितका लांब तितका ग्रह हळू, बुध सेकंदाला ४७ किमी, पृथ्वी ३०, नेपच्यून साडेपाचच्याही आत. इथपर्यंत झकास. मग तेच आकाशगंगेला लावलं. सूर्य केंद्रापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षं लांब आणि वेग सेकंदाला २३० किमीच्या आसपास, म्हणजे दुप्पट लांब, ५२,००० प्रकाशवर्षांवर, २३० भागिले वर्गमूळ २ म्हणजे १६३ यायला पाहिजे. प्रत्यक्षात तिथं वेग २०० च्या वरच निघतो म्हणे. बाकीच्या दीर्घिकांचंही तेच, वेगाचा आलेख (रोटेशन कर्व्ह म्हणतात तो) बाहेर जाताना उतरतच नाही, सपाट पळत राहतो.

आणि यावर उत्तर काय, तर न दिसणारा माल, म्हणजे डार्क मॅटर, भरलाय, तोही दिसणाऱ्याच्या पाचपट. खरं सांगू का, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर जुळलं नाही की आम्ही मधे एखादा आकडा घुसडायचो, तसलाच प्रकार वाटतो मला हा. त्यापेक्षा सरळ म्हणा ना की एवढ्या लांबवर न्यूटनचं सूत्र चालत नाही. त्यात एवढं काय अवघड आहे? की मीच गणितात कुठं माती खाल्लीय?

तिरपी_चकती

माती खाल्लीय, पण थोडीच :) आणि बहुतेक सगळेच तिथंच खातात.

सूर्यमालेचं गणित तसंच्या तसं उचलून चालत नाही कारण सूर्यमालेत ९९.८ टक्क्यांहून जास्त वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, सगळा भार मधोमध. दीर्घिकेत तसं नाही, तारे आणि वायू चकतीभर पसरलेत, तुम्ही केंद्रापासून बाहेर सरकलात की तुमच्या आतल्या बाजूचं वस्तुमानही वाढतं. म्हणजे वेग लगेच पडायला पाहिजे ही अपेक्षाच चुकीची. नुसत्या चकतीचं गणित केलं तरी वेग आधी वाढतो, मग बराच वेळ जवळजवळ सपाट दिसतो आणि त्यानंतर कुठं उतरायला लागतो. त्यामुळं जिथं तारे दाट दिसतात तेवढाच भाग बघितला तर डार्क मॅटर न घेताही बऱ्याच दीर्घिकांचे कर्व्ह जुळवता येतात. हे ऐकून लोकांना धक्का बसतो.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या ६७ तेजोमेघांचे वर्णपट घेऊन वेग काढले, जवळ येणारी बाजू निळी सरकते, लांब जाणारी तांबडी, त्यावरून. (चकती थोडी तरी तिरपी दिसली पाहिजे हां, पूर्ण समोरून दिसणाऱ्या चकतीचा फिरण्याचा वेग असा काढताच येत नाही, सगळी हालचाल आडवी असते. माझं इथलं नाव त्यावरूनच.) ते काम मोठं होतंच, पण खरा दणका दिला तो रेडिओवाल्यांनी. हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटरच्या लहरी सोडतो आणि हा वायू तारे संपले तरी बाहेर खूप लांबपर्यंत पसरलेला असतो. आल्बर्ट बोस्मानं १९७८ च्या पीएचडीत अशा पंचवीसेक दीर्घिकांचे कर्व्ह दिले, आणि तारे संपून गेले तरी वेग उतरेना.

माझं आवडतं उदाहरण एनजीसी ३१९८. साधीसुधी दीर्घिका, वेग सेकंदाला १५० किमी, आणि तो चकतीच्या स्केल लांबीच्या ११ पट अंतरापर्यंत जवळपास तेवढाच. आता स्केल लांबी म्हणजे काय, तर जेवढं अंतर गेल्यावर उजेड २.७ पटीनं कमी होतो तेवढं. ११ वेळा २.७ नं भागा, उजेड मधल्याच्या साठ हजाराव्या भागावर येतो. म्हणजे तिथं काहीच उरलेलं नाही हो. आणि सपाट वेगाचा अर्थ असा की दर पुढच्या टप्प्याला तेवढंच नवीन वस्तुमान मिळत गेलं पाहिजे, वस्तुमान अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतंय आणि उजेड मात्र विझलाय. कोडं आहे ते हे. तुमच्या १६३ नं कोडं पडत नाही, पण तुम्ही पोचलात बरोबर ठिकाणी.

एक_ढग

हे सगळं विझलेले तारे, गुरूएवढे ग्रह, कृष्णविवरं असं काही असू शकत नाही का? उगाच नवीन कण कशाला शोधायचा. आणि न्यूटनऐवजी आइनस्टाइनचं समीकरण वापरलं तर?

तिरपी_चकती

आइनस्टाइनचं लगेच निकालात निघतं, २३० किमी म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तेराशेवा भाग, एवढ्या हळू आणि एवढ्या विरळ ठिकाणी दोघांची उत्तरं जवळपास एकच येतात.

विझलेल्या ताऱ्यांचं १९९० च्या दशकात खरंच तपासून झालंय. मोठ्या मॅजेलन मेघातले (आपल्या शेजारची छोटी दीर्घिका) लाखो तारे वर्षानुवर्षं बघत बसले, मधे एखादं काळं ढेकूळ आडवं आलं की त्याच्या ग्रॅव्हिटीनं मागचा तारा काही दिवस उजळतो. अशा घटना मिळाल्या, पण इतक्या कमी की सगळा हिशोब त्यातून भागत नाही. शिवाय बिग बँगच्या पहिल्या काही मिनिटांत जे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) तयार झालं त्याच्या प्रमाणावरून साधा पदार्थ किती असू शकतो याला वरची मर्यादा येते, म्हणजे साध्या पदार्थाचीच लपलेली ढेकळं म्हणायची सोय राहत नाही.

उलट_सुलट

मी मुद्दाम दुसरी बाजू मांडतो कारण ती बाजू नेहमी दोन ओळीत उडवली जाते.

गणितात_कच्चा, तुम्ही म्हणालात "एवढ्या लांबवर सूत्र चालत नाही". हा विचार लोकांनी केला होता, पण तो असा चालत नाही, कारण गडबड ठरावीक अंतरावर सुरू होतच नाही. काही मोठ्या दीर्घिकांत ती खूप बाहेर सुरू होते, काही फिकट बारक्या दीर्घिकांत जवळजवळ केंद्रापासूनच. मोरडेहाय मिलग्रोम या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये बरोबर नस पकडली, त्यानं अंतर सोडलं आणि त्वरण धरलं. त्याचं म्हणणं, त्वरण एका ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की नियम बदलतो. तो आकडा सेकंद वर्गाला एक मीटरच्या दहा अब्जाव्या भागाची १.२ पट. किती बारीक ते बघा, एखादी वस्तू स्थिर आहे आणि तिला एवढ्या त्वरणानं वर्षभर न थांबता ढकललं तर वर्षाअखेर तिचा वेग सेकंदाला ४ मिलीमीटरसुद्धा होत नाही. मुंगी पुढं जाईल.

नेपच्यूनला सूर्याकडं जे त्वरण आहे ते या आकड्याच्या पन्नास हजार पटींहून जास्त, म्हणून सूर्यमालेत न्यूटन ठणठणीत. सूर्याचं आकाशगंगेच्या केंद्राकडं त्वरण मात्र या आकड्याच्या दुपटीच्याही आत आहे. म्हणजे आपण अगदी उंबरठ्यावर.

आता यातली गंमत. खालच्या टोकाला खरं त्वरण म्हणजे न्यूटनचं त्वरण गुणिले तो आकडा, या गुणाकाराचं वर्गमूळ. न्यूटनचं त्वरण अंतराच्या वर्गानं कमी होतं, वर्गमूळ काढलं की नुसत्या अंतरानं कमी होतं, आणि गोल फिरण्याचं त्वरण वेगाचा वर्ग भागिले अंतर. दोन्हीकडचं अंतर कटतं! वेग अंतरावर अवलंबूनच राहत नाही. सपाट कर्व्ह मागायला गेलो नाही, आपोआप आला. बरोबर दुसरी गोष्टही फुकटात मिळते, वेगाचा चौथा घात हा दिसणाऱ्या वस्तुमानाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट तर वस्तुमान १६ पट. प्रत्यक्षात तारे आणि वायू धरून वस्तुमान मोजलं तर दीर्घिका खरंच या रेषेवर येऊन बसतात, फार थोड्या विखुरणीसकट.

आणि हे मागाहून जुळवलेलं नाही. फिकट, विरळ दीर्घिकांत ही गडबड सगळ्यात जास्त दिसेल असं मिलग्रोमनं १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, तेव्हा अशा दीर्घिकांचे धड कर्व्हही नव्हते. १९९० च्या दशकात ते आले आणि तसंच निघालं. त्यातला एक मुख्य माणूस स्टेसी मॅकगॉ, तो मूळचा डार्क मॅटरवाला. नंतर २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शोम्बर्टनं १५३ दीर्घिकांतले जवळपास २,७०० बिंदू एकाच आलेखावर टाकले, एका अक्षावर दिसणाऱ्या पदार्थामुळं जेवढं त्वरण यायला हवं ते, दुसऱ्यावर मोजलेलं. सगळे एका बारीक वक्रावर. मोठ्या, छोट्या, वायूनं भरलेल्या, ताऱ्यांनी भरलेल्या, सगळ्या. आता मला सांगा, जर दहापैकी आठ-नऊ भाग अदृश्य मालाचे असतील तर उरलेला एक भाग बघून सगळ्याचा पत्ता कसा काय लागतो? उजेडाच्या आलेखात कुठं उंचवटा आला की वेगाच्या आलेखातही तिथंच येतो, अगदी जिथं तारे-वायू म्हणजे किरकोळ असायला हवेत तिथंही. शेपूट कुत्र्याला हलवतंय राव.

गणितात_कच्चा

अरे बापरे. मग मिटलंच की! एवढं सगळं एका आकड्यात बसत असेल तर लोक डार्क मॅटरच्या मागं का लागलेत? सवयीनं?

रात्रपाळी

सवयीनं नाही. उशिरा येतोय, पण उलट_सुलट यांनी सांगितलेलं सगळं खरं असूनही चित्र अर्धंच आहे. रोटेशन कर्व्ह ही मॉन्डची (मिलग्रोमच्या त्या बदललेल्या नियमाचं हे नाव) घरची खेळपट्टी. तिथं तो खरंच भारी खेळतो, माझ्या मते डार्क मॅटरपेक्षा सुटसुटीत. भानगड होते ती दीर्घिकेच्या बाहेर पडलं की.

पहिलं म्हणजे डार्क मॅटरची गोष्ट रोटेशन कर्व्हपासून सुरूच झालेली नाही. फ्रिट्झ झ्विकीनं १९३३ मध्ये कोमा या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले, त्या एवढ्या जोरात धावत होत्या की दिसणाऱ्या वस्तुमानाला त्या धरून ठेवणं शक्यच नव्हतं. आणि आजही मॉन्डचं सूत्र लावून समूहांचा हिशोब केला तर दिसतं त्याच्या साधारण दुप्पट वस्तुमान लागतं. मग मॉन्डवाले म्हणतात तिथं न दिसणारे न्यूट्रिनो असतील, न सापडलेला वायू असेल. म्हणजे फिरून आलात ना न दिसणाऱ्या मालावरच.

दुसरं बुलेट क्लस्टर. दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेत. समूहातला बहुतेक साधा पदार्थ हा तापलेला वायू असतो, ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि टकरीत तो वायू एकमेकांत अडकून मधे मागं राहिला, क्ष-किरणांत दिसतो. दीर्घिका मात्र सुटसुटीत पुढं निघून गेल्या. आता मागच्या दीर्घिकांचा उजेड किती वाकतो त्यावरून ग्रॅव्हिटी कुठं जास्त आहे ते काढलं (२००६ मधला निकाल), तर ती वायूपाशी नाही, दोन्ही बाजूंना दीर्घिकांपाशी! सूत्र कसंही बदला, ग्रॅव्हिटीचा उगम जर दिसणारा पदार्थच असेल तर ती जिथं पदार्थ जास्त तिथं जास्त हवी. इथं ती दुसरीकडंच आहे.

तिसरं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात वजनदार, पण कुणी नीट समजावून सांगत नाही. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं होतं तेव्हाचा उजेड आज मायक्रोवेव्ह म्हणून सगळीकडून येतो. त्याआधी साधा पदार्थ आणि उजेड एकमेकांत घट्ट अडकलेले होते. ग्रॅव्हिटी आत ओढायची, उजेडाचा दाब बाहेर ढकलायचा, आणि त्या ओढाताणीत आवाजासारख्या लाटा उठायच्या. त्या लाटांचे ठसे आजच्या उजेडात शिखरांच्या रूपात दिसतात, पहिलं, दुसरं, तिसरं असं. आता जर एखादा पदार्थ असा असेल की त्याला उजेड ढकलूच शकत नाही तर तो या झुल्यात सामील न होता नुसता आत ओढत राहणार, आणि त्याचा परिणाम तिसऱ्या शिखरावर दिसणार, ते वर उचललं जाणार. नुसता साधा पदार्थ असता तर तिसरं शिखर दुसऱ्याहून बरंच बुटकं आलं असतं. प्लँक उपग्रहानं मोजलं, तिसरं जवळपास दुसऱ्याएवढंच उंच. आणि त्यावरून प्रमाण काढलं तर अदृश्य पदार्थ साध्याच्या पाचपटीहून थोडा जास्त. इथं कुठलीही दीर्घिका फिरत नाहीये, तेव्हा दीर्घिका जन्मालाच आल्या नव्हत्या, तरी गणित त्याच पाचपटीवर येतं. तुमच्या जर्नलमधल्या घुसडलेल्या आकड्याला हे जमत नाही.

शिवाय त्या उजेडातले चढउतार लाखात एक एवढेच आहेत, नुसत्या साध्या पदार्थावर न्यूटन-आइनस्टाइनच्या ग्रॅव्हिटीनं एवढ्याशा चढउतारांतून आजच्या दीर्घिका व्हायला वेळच पुरला नसता.

उलट_सुलट

शिखरांचं मान्य, पण तुम्हीही अर्धंच सांगितलंत :) पहिल्या आणि दुसऱ्या शिखराचं गुणोत्तर मॅकगॉनं १९९९ मध्येच, डार्क मॅटर शून्य धरून, बरोबर सांगितलं होतं. तिसऱ्यावर मात्र आपटले, ते मी नाकारत नाही.

रात्रपाळी

बरोबर. आणि मॉन्ड हे मुळात एक सूत्र आहे, पूर्ण सिद्धांत नाही, उजेड कसा वाकेल किंवा विश्व कसं प्रसरण पावेल हे त्यातून निघत नाही. म्हणून बेकेनस्टाइननं २००४ मध्ये सापेक्षतेत बसणारी आवृत्ती केली. तिचा बळी गेला १७ ऑगस्ट २०१७ ला, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण १३ कोटी वर्षं प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकानं पोचले. ज्या ज्या सिद्धांतात दोघांचे वेग वेगळे होते ते सगळे एका दुपारीत गारद. त्यानंतर स्कॉर्डिस आणि झ्लॉश्निक यांनी नवीन आवृत्ती दिली, तिच्यात लहरींचा वेग प्रकाशाएवढाच आणि शिखरंही जुळतात. फक्त ती जुळवायला त्यांनी जे नवीन क्षेत्र घातलंय ते सुरुवातीच्या विश्वात अगदी दाब नसलेल्या धुळीसारखं वागतं. म्हणजे डार्क मॅटरसारखं. आता याला सुधारित ग्रॅव्हिटी म्हणायचं की डार्क मॅटरचा चुलतभाऊ, ज्यानं त्यानं ठरवावं.

उलट_सुलट

चुलतभाऊ चालेल. पण मग तुमच्या बाजूचाही हिशोब द्या. जमिनीखाली टनांनी द्रवरूप झेनॉन भरून एलझेड, झेनॉन एनटी असले प्रयोग चाललेत, डार्क मॅटरचा एकही खात्रीचा कण अजून सापडलेला नाही. सिम्युलेशनमध्ये दीर्घिकेभोवतीचा डार्क मॅटरचा गोळा मध्यभागी टोकदार निघतो आणि बारक्या दीर्घिकांत मोजलं तर बऱ्याच ठिकाणी मधे सपाट निघतो. मग सुपरनोव्हांनी वायू ढवळला आणि त्यानं डार्क मॅटर पसरलं असं सांगायचं. असेलही, पण प्रत्येक दीर्घिकेला गोळ्याचे दोन-दोन आकडे वेगळे लावायची मुभा घेऊन कर्व्ह जुळवणं आणि एका आकड्यात १५३ जुळवणं यातला फरक कळतो हो आम्हालाही.

रात्रपाळी

सपाट गाभ्याचं आणि तुमच्या त्या बारीक वक्राचं देणं आहेच आमच्या डोक्यावर, ते नाकारणारा माणूस कर्व्ह बघत नाही. आजची सिम्युलेशन्स तसा वक्र काढून दाखवतात, पण तो इतका बारीक का येतो याचं मला स्वतःला पटेल असं उत्तर अजून वाचायला मिळालेलं नाही. तरी तराजूत एकीकडं हे आणि दुसरीकडं तिसरं शिखर, समूह, बुलेट हे सगळं टाकलं तर माझं पारडं डार्क मॅटरकडं झुकतं. झुकतं, टेकत नाही.

एक_ढग

हे दीर्घिका सोडून जवळपास कुठं तपासता येत नाही का?

उलट_सुलट

येतं की. सूर्याची ओढ त्या आकड्याएवढी कमी होते ती सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण ७,००० पटींवर. म्हणजे एकमेकांपासून एवढ्या लांब असलेल्या ताऱ्यांच्या जोड्या बघायच्या, त्यांच्यात डार्क मॅटरचा काही संबंधच नाही, ते न्यूटनपेक्षा जोरात फिरतायत का एवढंच. गाया उपग्रहाच्या मोजमापांतून हे झालंय, २०२३ मध्ये एका गटानं सांगितलं मॉन्ड दिसतोय, दुसऱ्यानं सांगितलं न्यूटनच बरोबर, आणि तंटा असा की जोडीत लपलेला तिसरा तारा असला तर वेग फुगतो, असल्या जोड्या गाळायच्या कशा. एकाच उपग्रहाचे आकडे आणि निकाल उलटसुलट, माझ्या नावासारखे.

गणितात_कच्चा

डोकं गरगरलं पण मजा आली. आता एक करून बघितलं, चूक असेल तर सांगा. आकाशगंगेतले तारे मिळून सूर्याच्या ६० अब्ज पट वस्तुमान धरलं, चौथ्या घाताच्या सूत्रात टाकलं, सेकंदाला १७६ किमी आलं. डार्क मॅटर शून्य. मोजलेला २०० च्या वर आहे, म्हणजे मॉन्ड इथं हुकला?

तिरपी_चकती

वायू धरला का? तो १० अब्ज तरी धरा, पण चौथ्या घातामुळं फार फरक नाही पडणार, १८३ होईल. २०० हवे असतील तर वस्तुमान १०० अब्जांपर्यंत न्यावं लागेल, तेवढं नाहीये. पण तुमचं सूत्र एकदम बाहेरच्या टोकाचं आहे, आणि सूर्याचं त्वरण त्या आकड्याच्या दुपटीच्या आत असलं तरी खाली नाहीये हे वर आलंच आहे, म्हणजे इथं अजून न्यूटनचाही हात लागतो आणि वेग जास्त यायलाच हवा. आपला कर्व्ह पूर्ण सपाट नाहीच, बाहेर जाताना हळूहळू उतरतो. तो १८० च्या आसपास येऊन थांबतो का आणखी खाली जातो, ते बघायचं. आपण चकतीच्या आतच बसलोय त्यामुळं लांबच्या दीर्घिकेपेक्षा स्वतःचीच मोजायला जास्त त्रास होतो.